बावीस मिनिटं

उतरवून घ्यायला लागले चाळीस सेकंद.
ते सगळ्यांना दिसतं.
मग पडद्यावर एकच ओळ येते, पडताळणी सुरू आहे,
आणि तिथून पुढे काहीच हलत नाही
कूलरमधल्या वाळ्याच्या वासाशिवाय.

मे महिना, काटोल रोड, रात्रीचे पावणेबारा,
बाहेर अजून अडतीस अंश.
जुनी हार्ड डिस्क कुरकुरते आहे
अडकित्त्यात सुपारी धरावी तशी.
एक लाख साठ हजार फायली, बहुतेक पोस्टकार्डाएवढ्या.
प्रत्येकीला उघडायचं, तिची बेरीज मांडायची,
यादीतल्या बेरजेशी लावून पाहायची, मिटायचं.
आणि यादी तरी खरी कशावरून?
म्हणून यादीखालची सही.
आणि सही?
तिचीही एक किल्ली असते,
ती कुठल्याशा लांबच्या दारातून
उशिरा ओ देते.

पौनीकर टेबलावर बोटं वाजवतो.
"सर, एक ओळ बदलली तं दोन मिन्टांत होते.
काऊन तपासून राह्यलो आपण?
आजवर निघालं का काही?"

नाही निघालं.
चार वर्षांत काही म्हणजे काही नाही.
ओळ कुठली तेही मला पाठ आहे,
'हो'च्या जागी 'नको' लिहायचं.
लिहिलंही होतं एकदा, परीक्षांच्या आठवड्यात.
दोन मिनिटांत झालं, घरी गेलो,
आणि गच्चीवर, दिवसभर तापलेल्या स्लॅबवर
पहाटेपर्यंत कूस बदलत राहिलो.

व्हरांड्यात उइके निघालेत.
बेचाळीस खोल्या, बेचाळीस कुलपं,
प्रत्येकाला दोन हिसके. तासाभराने पुन्हा.
मागे विचारलं होतं त्यांना,
संध्याकाळी तुम्हीच लावता ना?
"लावलं होतं हे मले मालूम हाये, साहेब.
आता हाये का, थे पाह्यतो."

विसाव्या मिनिटाला तांबडी ओळ.
एक फाईल जुळत नाही.
पौनीकर खुर्ची मागे लोटून उभाच राहिला,
"घुसला वाटते कोणी!"

दोनशे चौदा बाइट. कुठल्याशा फॉन्टची,
इथे कुणी कधी न मागितलेली.
पाठवणाऱ्याकडे ती धड आहे.
वाटेतही धड होती, मागच्या वर्षी आली तेव्हा.
बिघडली ती इथेच, आमच्या डिस्कवर,
आमच्या कूलरसमोर.
आकार तोच, तारीख तीच,
म्हणून रोज उतरवताना
तिला ओलांडून पुढे जात होतो आम्ही.
आत एक अक्षर
उन्हाने म्हणा, वयाने म्हणा,
सरकलं होतं.

आणि मी इतकी वर्षं
दाराकडे तोंड करून बसलो होतो.

पौनीकर ती काढतो, नवी मागवतो,
आणि मला न विचारता
पडताळणी पहिल्यापासून लावतो.
पुन्हा बावीस मिनिटं.
मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओततो.

वरच्या मजल्यावर
सतरा नंबरला दोन हिसके.
अठरा.