मधला रकाना

वडणग्याचे तातोबा चौगुले जोड परत घेऊन आले.
"वाजत न्हाई," म्हणाले.
दारातल्या फरशीवर चार पावलं चालून दाखवली.
खरंच. पायताण मुकं.

तळाच्या दोन थरांत विंचवाचं बी ठेवतात,
पण बी नुसतं निमित्त.
करकर कोरड्या कातड्याची.
ओल राहिली की ते गप्प बसतं.
लग्नानंतर वर्षभर मीही तशीच होते.

सुभाषनगरात, आमच्या पत्र्यावर,
तळ कुठं वाळत घालायचे ते मामंजींनी ठरवलेलं.
ते गेले, वही राहिली.
मजुरीची वही. डावीकडं जोड, उजवीकडं पैसे,
मधे एक बारका आकडा:
वाळायला लागलेले दिवस.
कशाला लिहायचे, कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतरची पानं: तीन. तीन. चार. तीन.
एका साली सात,
शेजारी पेन्सिलीनं "ढग".
पुढं ह्यांचं तिरकं अक्षर: चार. पाच. चार. सहा, "ढग".
मग माझं:
आठ. सहा. नऊ.
"ढग" लिहायचं मी सोडून दिलं.
दर पानावर तेच काय लिहायचं.

आणि चैत्रात सगळं उलटं.
जोतिबाच्या यात्रेआधी मागणी असते,
तेव्हा कातडं दुपारपर्यंत ताठ,
वेणीला घेतलं की तुटतं.
पाण्याचा हात लावत लावत विणायचं,
तोवर चारला वळीव येतो
आणि सगळंच भिजवून जातो.

एका जोडावरून काय ठरतं?
हा मुका निघाला
तर चूक माझ्या हाताचीही असेल.
धाकटी भूगोलातलं वाचून दाखवते,
एका दिवसाची ती हवा,
तीस वर्षांचं ते हवामान.
वही चौतीस वर्षांची आहे गं, मी म्हणते.
ती पेन चावत बघत राहते.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर,
ते गावात शेंबडं पोरसुद्धा सांगतं.
घरात शिरलेलं पाणी मोजता येतं.
हे नुसतं कातड्यात बसून राहतं,
कुणाच्या बातमीत येत नाही.

"कधी वाजंल?" तातोबांनी विचारलं.
आठ दिवसांनी या, म्हटलं.
मग पत्र्याकडं बघून, दहा.
ते दुसरी चप्पल, रबराची, घालून गेले.

वहीत तारीख घातली, नाव घातलं.
मधला रकाना रिकामा सोडला.
पान बोटाला चिकटत होतं,
चौगुल्यांच्या नावाची शाई
जराशी पसरली.