डालग्याखाली

चहाच्या गाळणीतून मी काचेची पूड चाळते.
नाकातोंडाला फडकं बांधून, पंखा बंद करून.
भांडुपच्या या गाळ्यात शेजारी पत्रा कापतात,
त्याच्या हादऱ्यानेही पूड सरकते,
म्हणून मी दुपारी चाळते,
ते डबे उघडतात तेव्हा.

पांढरी. तांदळाच्या पिठाइतकी.

अण्णा गेले त्या रात्री शेवंताआत्याने
त्यांच्या खाटेच्या जागी परात ठेवली होती,
हलवून हलवून सपाट केलेलं पीठ,
बाजूला दिवा, वात दक्षिणेकडे,
आणि वर कोणाकडून तरी मागून आणलेलं
कोंबड्यांचं डालगं.
"सकाळी बघायचं. ज्या जन्माला गेला
त्याचं पाऊल उमटतं."
तिच्या सासऱ्यांचा खूर उमटला होता म्हणे,
एका काकूचं काहीच नाही.
त्यावर पुष्कळ दिवस कुजबुज झाली.

अण्णा असल्या गोष्टींना हसायचे.
तीस वर्षं कारखान्यात ज्योतीपुढे बसून
त्यांनी कॉलेजांसाठी फ्लास्क फुगवले, कंडेन्सर जोडले.
काचेत बुडबुडा राहिला तर म्हणायचे,
"आत्माबित्मा नाही गं तो, माझा आळस आहे."

पण आई त्या रात्री डालग्याकडेच बघत होती.
तिला भीती कशाची ते मला कळत होतं.
कुत्रं असलं तर,
साप असला तर,
किंवा काकूसारखं, नुसतंच पीठ.

अडीचला उठले.
डालगं एका बाजूने कलतं केलं,
केसांतला आकडा ओढला
आणि पिठात चिमणीचा एक पाय रेखला.
तीन बोटं पुढे, एक मागे.
एकोणीस वर्षांची होते.
त्याआधीची सगळी चित्रं मी पुसून टाकलेली.

सकाळी आत्याने डालगं उचललं.
"पाखरू," म्हणाली, आणि मग रडली.
आईने हात जोडले.

परातीत दोन पाय होते.

दुसरा जरा तिरका,
थोडा पुढे टाकलेला,
उंबऱ्यावरून टाकतात तसा.

कोणाचा ते मी विचारलं नाही.
विचारायचं तर माझाही सांगावा लागला असता.
पुढे बावीस वर्षं आईने
खिडकीच्या गजाला करवंटी बांधून कण्या ठेवल्या,
चिमण्या येईनाशा झाल्या तरी,
कबुतरांना लाटण्याने हाकलत.

मागच्या माघात तीही गेली.
पीठ पसरायला आत्या उरली नव्हती,
आणि इस्पितळातल्या तिच्या खाटेवर
दोन तासांत दुसरं माणूस निजलं.

म्हणून ही काच.
दीड हात लांब, निळसर, वर पूड.
डावा पाय झालाय, सवयीने झाला.
उजव्याशी हात अडतो.
चार वेळा पुसला.
ठरवून तिरका केलेला लगेच ओळखू येतो.

आता राहू दे तेवढी जागा.

भट्टीचं झाकण लावते.
सातशे वीसला पूड काचेला धरते,
मग रात्रभर उतरायचं, अंशाअंशाने.
घाई केली की तडकते, अण्णा सांगायचे,
हे मात्र न हसता.

शेजारचे गाळे बंद झाले.
झाकणाला कुलूप नसतं.

सकाळी बघायचं.