भाता एक

एस्तेरबाई टॉवेलात गुंडाळून घेऊन आली
मिरजेच्या मिशन दवाखान्यातून आमच्या गल्लीत
भुलीच्या यंत्राचा काळा रबरी भाता,
घडीवर चिरलेला.
दुकानभर इथरचा वास.
अब्बांनी उघडी पेटी बाजूला सारली.

"नवा विलायतेहून यायचा, तोवर..."
ती पुढं बोलली नाही.
टेबलावर उद्या सकाळी कुणीतरी होतंच.

अब्बांनी तो गालाशी धरून दाबला.
गळती कानाला चकवते, म्हणायचे, गालाला नाही.
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, सोल्यूशन,
वरून मेंढीच्या कातड्याची पातळ पट्टी.
मग मला म्हणाले, मार भाता.

मी नऊ वर्षांची. पेटीला मारायचे तसा मारला,
तालात.
"तसा नव्हे गं," एस्तेरबाई म्हणाली,
आणि माझ्या हातावर हात ठेवला.
दाब.
सोड.
आता थांब. त्याची छाती खाली बसू दे.

समोर कुणाचीच छाती नव्हती,
नुसता लाकडाचा भुसा.
तरी आम्ही तिघं थांबलो.

रात्री अब्बांनी वहीत लिहिलं:
भाता एक. सूर नाहीत.
बारा आणे. मिळाले.