दोन पॉइंट आठ

मिरजेत इर्शाद मुजावरनं काउंटरवर
दोन्ही लेन्स शेजारी उभ्या केल्या,
जोड लावताना पोरं उभी करतात तशा.
एक सत्तर-दोनशे, दोन पॉइंट आठची,
बुटकी, मानेला जाड.
दुसरी दीडशे-सहाशे,
पिळली की पुढं सरकत जाणारी, उसाच्या कांड्यागत.
"भाडं सारखंच," तो म्हणाला, "खोड वेगळी."

इथलं गणित उलटं.
आकडा लहान, तेवढं तोंड मोठं,
तोंड मोठं, तेवढा उजेडाचा घास मोठा.
लग्नाच्या हॉलात मला याची कधी गरज पडली नाही.
तिथं उजेड भाड्यानं मिळतो
आणि नवरदेव पळत नाही.

पहाटे भिलवडीच्या पुलाखाली
कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत होता,
जणू त्याला कुणी वरून दोऱ्यानं धरलंय.
बुटकीनं त्याला पकडलं ते
तांदळात खडा दिसावा एवढंच.
लांबडीनं चोच आणली, डोळा आणला,
चोचीवरचा थेंबसुद्धा,
पण कृष्णेवर धुकं होतं आणि सहा पॉइंट तीनला
धुक्यातलं काही परवडत नाही.
ऊन वर यायची वाट बघत बसलो.
तोवर त्यानं दोन मासे खाल्ले
आणि गेला अंकलखोपकडं.
वहीत लिहिलं: लांबडीला लांबचं दिसतं, अंधारातलं नाही.
खाली लिहिलं: चहा, वीस रुपये.

संध्याकाळी पलूसच्या अलीकडं मैदान.
शेवटून दुसरी कुस्ती, सूर्य गेलेला,
दोन हॅलोजन, त्यातला एक डोळा मारणारा.
बुटकी माझ्याकडं.
लांबडी पुतणीच्या, अक्षताच्या गळ्यात,
कारण तिचा डबा गाडीत राहिला होता.
ती माझ्या शेजारी उकिडवी बसून
उगाच बटण दाबत होती.

हलगी थांबली नाही, पण मला ऐकू येईना.
धैर्यशील शिरतोडे ढाकेवर गेला आणि हुकला,
समोरच्यानं त्याला तसाच उचलला,
आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात
दोघंही जमिनीवर नव्हते.
घामाचा प्रत्येक थेंब वेगळा,
मातीचा कणन् कण हवेत मोजून घ्यावा असा,
आणि मागचं सगळं मैदान
वितळलेल्या लोण्यागत मऊ.
तेवीस वर्षांत असा फोटो मी काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुकानात हणमंत शिरतोडे आले.
हरलेल्याचा बाप. टोपी हातात.
मी मोठ्या स्क्रीनवर तो फोटो लावला.
त्यांनी मुलाला बघितलं, मान हलवली,
मग मागच्या लोण्यात बोट फिरवत विचारलं,
"ह्यात मी कुठं हाय?
मी तिथंच हुतो की, दोरीला धरून."
एक पांढरट डाग होता. कदाचित टोपी.
कदाचित हॅलोजनचा खांब.

अक्षतानं न विचारता तिचं कार्ड घातलं.
काळवंडलेला, दाणेदार फोटो,
रव्यावर काढल्यासारखा.
पोराचे पाय हललेले, चेहरा अर्धा.
पण मागं दोरी होती, दोरीवर मूठ होती,
आणि मुठीच्या वर एक माणूस
तोंड उघडून, स्वतःच खाली पडत असल्यासारखा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ह्यो द्या. आठ बाय बाराचा.
आन् पोराला दावू नका."

लेन्स परत करायला गेलो तेव्हा
इर्शादनं विचारलं, "मग? कुठली घेताय विकत?"
उत्तर तयार होतं, येताना एसटीत घोकलेलं.
तेवढ्यात त्यानं लांबडीची रिंग कानाशी धरून फिरवली.
करकर वाजली.
ब्लोअरनं फुंकलं, ब्रश फिरवला,
तांबडी माती काही निघेना.
डिपॉझिटमधले दोनशे कापून
त्यानं पावती केली.
मी घासाघीस केली नाही.