दाब, धर, सोड

उद्यमबागेत, दुर्गाप्पाच्या लेथवर
दोन ब्रॅकेट कातले पोलादाचे:
गोव्याच्या स्पोर्ट्स कारचे लाल कॅलिपर
माझ्या म्हाताऱ्या एस्टीमला बसावेत म्हणून.

तेरा इंची चाकात मावेनात.
पंधराच्या रिमसाठी शहापूरभर हिंडलो.

ती गाडी चोर्ला घाटात दरीत गेलेली.
‘ब्रेक चांगलेच होते बघा,’ दुर्गाप्पा म्हणाला,
‘पाय उशिरा पोचला.’

मग मी आत, तो चाकापाशी.
‘ओत्तु.’ दाबला.
‘हिडि.’ धरला.
‘बिडु.’ सोडला.
नळीतले बुडबुडे संपेस्तोवर
इतकंच कानडी लागलं.

जांबोटीच्या रस्त्याला साठाच्या वर
गाडी गेली नाही, जाणारही नव्हती.
वळणावर काजूच्या बोंडांचं घमेलं घेऊन
एक बाई रस्ता ओलांडत होती.
हातभर अलीकडे थांबलो.

तिनं वळूनही पाहिलं नाही.
एक बोंड घरंगळत आलं चाकाशी.

बिडु, म्हणायला
शेजारी कोणी नव्हतं.