पुढचा नंबर

कोठीजवळ झेरॉक्सच्या दुकानात उभी असते मी दिवसभर.
कुणाचा सातबारा, कुणाचे घटस्फोटाचे कागद.
एका मंगळवारी, कुणाच्या तरी खरेदीखताचं चौतिसावं पान निघत असताना
छातीत कुणीतरी मशीन चालू केलं
आणि बंद करायचं विसरलं.
मिनिटाला एकशे नव्वद, हे मागाहून कळलं.
तेव्हा एवढंच, की दुकानाचं शटर मानेत वाजतंय.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टीवर पेन टेकवलं.
"एक वायर जास्तीची आहे, जन्मापासून.
जाळून टाकायची. तासाभराचं काम."
मग कारकुनाने रजिस्टर उघडलं.
तासाभराच्या कामाला चौदा महिने.
मशीन एक, तेही आठवड्यातून एक दिवस,
नळ्या संपल्या की नव्या येईपर्यंत तारीख पुढे.
चिठ्ठीवर १४३.

१४४ बाकावर शेजारीच बसले होते. ठाकोरभाई, पादऱ्याचे.
पिशवीत घरच्या वेलाची गिलकी,
डॉक्टरांसाठी आणलेली
आणि द्यायचा धीर न झालेली.
निम्मी मला दिली.
"बेन, ऊपडे तो नाक दाबायचं, तोंड मिटायचं
अने बाळंतिणीसारखा जोर करायचा,"
म्हणाले, आणि लाजले.
"नाही थांबलं तर बर्फाच्या पाण्यात तोंड.
मी म्हशीच्या हौदात घालतो."

पावसाळाभर मी बादलीत तोंड घालत राहिले.
विद्याधर न्हाणीच्या दाराशी घड्याळ धरून,
जसा काही मी शर्यतीत उतरले आहे.

मग त्यानेच एक फाईल आणली, गुळगुळीत, वर सोनेरी हृदय.
दोन लाख पस्तीस हजार. एसी खोली, जेवण धरून.
येत्या शुक्रवारी.
खाली डॉक्टरांचं नाव.
दोनदा वाचलं.
तेच.
सकाळी ज्यांनी चौदा महिने म्हटलं
तेच संध्याकाळी शुक्रवार म्हणत होते.

त्यांचा राग नाही आला. माणसाची दोन दुकानं असतात.
राग आला तो
शुक्रवार मला किती चटकन आवडला, याचा.

रेणूच्या तिसऱ्या वर्षाची एफडी मोडली.
बाकीचे दिरांनी पाठवले
आणि "परत नकोत" असं तीनदा सांगितलं.
तीनदा सांगितलेले पैसे परत करावे लागतात.

मांडीतून आत गेले. मी जागीच होते.
आधी त्यांनी ती धडधड मुद्दाम उठवली,
मग गळ्याखाली एक चटका,
पापड भाजताना बोटाला बसतो तेवढा,
आणि एकदम गाव झोपल्यासारखं झालं.
"गेली," डॉक्टर म्हणाले.
चाळीस मिनिटं.
मी विचारलं, "एकशे चव्वेचाळीसचं कधी?"
मास्कच्या वर भुवया हलल्या.
"कोण?"

नाव काढायला गेले होते मी. खरंच गेले होते.
"काढायलाही अर्ज लागतो," कारकून म्हणाला,
"आणि साहेब जेवायला गेलेत."
दुकान उघडायचं होतं. परत आले.
मग जायचं जायचं म्हणत
उन्हाळा गेला.

परवा फोन. "उद्या उपाशीपोटी या."
"माझं झालं हो. बाहेर केलं."
"मग सांगायचं ना, बेन. आता उद्याची जागा फुकट."
"पुढच्यांना बोलवा. एकशे चव्वेचाळीस. पादऱ्याचे."
पानं चाळल्याचा आवाज.
"ते उचलत नाहीत. महिना झाला."

नंबर मागून घेतला.
बिघडलेल्या कॉपीच्या पाठीवर दहा आकडे लिहिले.
आधी लावला नाही.
आधी मनगटावर बोट ठेवलं, सवयीने.
बहात्तर. शाळेतल्या मुलीच्या अक्षरासारखे, सरळ, एका ओळीत.

काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड पुढे केलं.
"मशीन चालू छे, बेन?"
चालू आहे, म्हटलं.
दोन्ही बाजूंनी काढून दिलं त्याला.
मग फोन कानाला लावला.