चालतं. म्हापसा, गोवा.

कंपनीने हा स्कॅनर केव्हाच मारून टाकलाय.
तसं कळवलं होतं त्यांनी:
यापुढे या मॉडेलला आधार नाही, नवा घ्या.
कोर्टाच्या उतारावर माझी आठ बाय दहाची खोली,
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन,
नवा कुठून घेऊ?

त्याच महिन्यात विंडोजही रुसलं.
भाच्याने, साईशने, लिनक्स घालून दिलं
आणि आठवडाभर मी त्याला शिव्या घातल्या.
मग लिब्रेऑफिसातून पालखीचं पत्रक उमटलं,
एकही जोडाक्षर न मोडता.
गप्प झाले.

स्कॅनर तेवढा अडून बसला.
शोधता शोधता एक ड्रायव्हर सापडला, फुकट,
आणि फाईलीच्या माथ्यावर टीप:
'हे यंत्र माझ्याकडे नाही. अंदाजाने लिहिलंय.
कुणाकडे असेल तर चालवून कळवा.'
खाली नाव, बोह्दान, आणि एका शहराचं नाव
जे तेव्हा बातम्यांत येत नसे.

लावला. दिवा पेटला,
काचेखालून कण्हत कण्हत गेला.
मी कळवलं:
चालतं. म्हापसा, गोवा.

त्याने विचारलं, कडेला निळी रेघ येते का?
येते, म्हटलं, पण चालवून घेऊ.
चालवून घेऊ नका, म्हणाला.
तीन आठवड्यांनी रेघ गेली.

आज एस्परांसा आलीय शिवोलीहून,
सासऱ्याच्या जन्माचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत,
पोर्तुगीज अक्षर, शाई चहासारखी झालेली.
रॉयस्टनला लिस्बनचा पासपोर्ट हवा.
तो तारवार आहे. क्षेपणास्त्रं सुटायला लागल्यापासून
त्यांचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जातं,
त्याचा फोन आठवड्याने येतो.

बाकावर तुळशीदास शिरोडकर,
भजनी मंडळाची यादी घेऊन, तासभर.
'आता तिथेही नको झालेत आपले लोक,' एस्परांसाला सांगतात.
मग बोटांवर मोजायला लागतात:
याने कर लावला, त्याने गॅसचा नळ फिरवला,
एकाने रात्रीत परक्या लोकांची खाती गोठवली.
बोटं संपतात, चष्मा हातातच राहतो.
'आमच्या लहानपणी सीमा पत्रादेवीला होती.
निदान कुठे आहे ते कळायचं.'

मी कागद काचेवर ठेवते.
घडीवर फाटलाय, हळू.

बोह्दानची पत्रं आखूड होत गेली.
शेवटचं दोन ओळींचं:
'वीज दिवसाला दोन तास असते.
रेघ परत आली तर सांगा.'
रेघ आली नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही.
हे मला अजून टोचतं.
नुसतं विचारता आलं असतं,
बरे आहात का, एवढंच.

शिगम्यानंतर एक अपडेट आलं.
फाईल तीच, पण त्याच्याखाली दुसरं नाव,
सीमेच्या कुठल्या बाजूचं
ते नावावरून मला ओळखता येत नाही.
बोह्दान वर तसाच आहे.
आधीचं नाव पुसायचं नाही,
असं परवान्यातच लिहिलंय.
गेला असेल, की सैन्यात असेल,
की नुसता कंटाळला असेल माझ्या या डबड्याला?
कंटाळलेला असू दे.

आणखी खाली, बारीक टायपात, तपासून पाहणाऱ्यांची यादी.
त्यात मी: र. नार्वेकर, म्हापसा.
माझं नाव रेशनकार्डावर चुकीचं आहे,
इथे बरोबर आहे.

'काम जातलें मगो, बाय?' एस्परांसा विचारते.
परवान्याच्या शेवटी मोठ्या अक्षरांत आहे,
कसलीही हमी नाही.
तेच तिला सांगणार असते,
पण बटण दाबते.

दिवा निघतो सासऱ्याच्या नावाखालून,
त्याच्या बापाच्या, गावाच्या, पाद्रीच्या सहीखालून.
तुळशीदासही मान पुढे काढतात.
मी कडा बघते.
रेघ नाही.
चाळीस रुपये, म्हणते,
आणि ड्रॉवरात सुट्टे शोधत राहते.